रुईचा पाहुणचार

सरांनी मला पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवलं होतं. कारण काय, तर माझे केस ओले होते.

सोमवार होता, नवी नोकरी होती, म्हणून मी न्हाऊन, तेलपाणी करून गेले होते. अकोल्याच्या एमआयडीसीत जिनिंगवाल्यांनी, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्यांनी, मिळून रुई तपासायची प्रयोगशाळा काढली होती आणि तिथे नमुने मांडायला बाया पाहिजे होत्या. त्याआधी मी जिनिंगमध्येच कापसातली पत्ती-काडी वेचायची. सावलीतलं काम मिळतंय म्हटल्यावर उडीच मारली मी. दारात एक उंच, सडसडीत माणूस उभा. लोक पेन लावतात त्या खिशात याच्या थर्मामीटर. माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही. बघितलं ते वेणीकडे.

"बाई, केस वाळवून या."

"अहो सर, बांधले आहेत मी."

"बांधले असतील. आत पासष्ट आहे. तुम्ही आलात की वाढेल."

मला वाटलं, आत पासष्ट माणसं आहेत आणि जागा नाही. मी बापडी बाहेर उन्हात केस सोडून बसले. तिथला चौकीदार हसून म्हणाला, "बसा बाई, बसा. परवा मी धुतलेले मोजे घालून आलतो, तं मलेबी भायेरच ठेवलं होतं."

पासष्ट म्हणजे हवेतला ओलावा, हे मला पुढे कळलं. रुई मोठी पिणारी असते. हवेत जितकं पाणी असेल तितकं ती ओढून घेते, आणि पाणी प्याली की तिचा तंतू बळकट होतो. कोरड्या हवेत तोच तंतू पटकन तुटतो. आता आमच्याकडे मे महिन्यात हवा अशी, की धुतलेलं लुगडं दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळतं. आणि समुद्राकाठच्या गावात ते दोन दिवस वाळायचं नाही. मग ज्याने त्याने आपापल्या हवेत रुईची ताकद मोजली तर एकाचा आकडा दुसऱ्याला कसा पटावा? म्हणून साऱ्या दुनियेने ठरवलंय, की रुई तपासायच्या खोलीत ओलावा पासष्ट टक्केच ठेवायचा आणि रुईला त्या हवेत आधी भरपूर आराम करू द्यायचा. मगच मशीनला दाखवायची.

हा नियम सरांना आरतीसारखा पाठ होता. बाजारपेठेत त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. "पासष्टवाले सर" म्हटलं, की हमालही बोट दाखवून घर सांगे. आता ते निवृत्त होऊन अमरावतीला असतात. मी कधी फोन केला, तर "कशा आहात" वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "तिकडे किती आहे?" मी अंदाजाने काहीतरी सांगते. ते म्हणतात, "अंदाज नको. बघून सांगा, मी थांबतो." आणि खरंच थांबतात हो.

त्यांच्या घरी मी बऱ्याचदा गेले आहे. बैठकीत एकाच खिळ्याला तीन थर्मामीटर टांगलेले, आणि तिन्हींचं एकमेकांशी कधी जमत नसे. वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, म्हणायच्या, "बघा, माझ्या घरात एका खिळ्यावर तीन सवती नांदतात. एकीनं तोंड उघडलं की दुसरी खोटं पाडते." सर शांतपणे म्हणत, "एकच असती तर ती खोटं बोलते हे तुला कळलं असतं का?" वहिनी उठून चहा टाकायला जात. पण त्या चहात साखर मात्र मुद्दाम कमी टाकत, आणि "मोजून टाकली" म्हणून सांगत.

एकदा आम्ही प्रयोगशाळेतल्या बाया कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो होतो, सर आणि वहिनीही होत्या. आम्ही देवीला गेलो. परत येतो तो हे गृहस्थ मुरमुऱ्यांच्या दुकानांपुढे उकिडवे बसलेले. तीन दुकानदारांच्या मुरमुरे मोजायच्या तीन पायल्या मागून घेतल्या होत्या आणि एकीतलं पाणी दुसरीत ओतून बघत होते. भोवती हीऽ गर्दी! एका पायलीत पाणी उरलं, दुसरीतून सांडलं. दुकानदार एकमेकांवर ओरडायला लागले. "अबे चोट्ट्या, म्हणून तुह्याकडं गिऱ्हाईक जास्त काय?" दुसरा म्हणे, "तुहीच फुटकी हाय!" मारामारीच व्हायची. सरांनी दोघांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्यात चोर कोणीच नाही. तुमच्या पायल्या आपापल्या घरी खऱ्या आहेत. एवढंच की त्या एकमेकींशी बोलत नाहीत." गंमत अशी, की तिघांनीही ते ऐकून घेतलं. मुरमुरे मात्र आम्हाला कोणी दिले नाहीत, पायल्या ओल्या झाल्या होत्या ना.

त्यांच्याजवळ नियमांचं एक पुस्तक होतं, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं. डबा खाताना ते त्यातलं एखादं पान आम्हाला वाचून दाखवत. आम्हाला घंटा कळत नसे, पण पोथी ऐकल्यासारखं वाटायचं. मी एकदा विचारलं, "सर, एवढे नियम कोणी केले?"

म्हणाले, "आपल्याआधी त्याच वाटेनं जाऊन ज्यांना ठेच लागली, त्यांनी. वाटेतल्या दगडांना चुना लावून ठेवलाय, एवढंच."

हे मला फार आवडलं. मी घरी जाऊन माझ्या सासूला सांगितलं. ती म्हणाली, "मंग ठेच लागणाऱ्याइनं दगडच काहून नाई उचलला?" तेही खरंच!

पण सरांचं खरं वेड वेगळंच. ते रुईच्या नमुन्यांना पाहुणे म्हणत. कागदात गुंडाळलेली पुडकी जिनिंगमधून आली, की विचारत, "कुठले पाहुणे?" मी सांगे, "दर्यापूरचे." "बसवा त्यांना. दमून आलेत." तपासणीच्या खोलीत जाळीच्या ताटल्यांमध्ये रुई पसरून ठेवली, की आम्हाला मोठ्याने बोलायची बंदी. "झोपलेत. हळू." एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. मुलीच्या बापाने पोहे येता येताच मुलीला बाहेर बोलावलं, तर हे म्हणाले, "थांबा, ती आत्ता चुलीपासून आलीय, आमचा मुलगा उन्हातून आलाय. दोघांनाही एका हवेत तासभर बसू द्या, मग विचारा काय ते." मुलीकडची मंडळी चाट पडली. लग्न जमलं मात्र, आणि अजून बरं चाललंय.

आता ज्या उन्हाळ्याची गोष्ट मला सांगायची आहे, तो मशीनचा पहिलाच उन्हाळा होता.

मशीन यायच्या आधी रुईची पारख हाताने व्हायची. आमच्याकडे एक पारखी काका होते. चिमटीत रुई धरायची, दोन्ही अंगठ्यांनी ओढायची, तुटताना होणारा आवाज कानाशी ऐकायचा आणि आकडा सांगायचा. त्यांचा शब्द बाजारात चालायचा. पण दूरच्या सूतगिरण्या आता म्हणायला लागल्या होत्या, की आम्हाला मशीनचा आकडा द्या, तुमचे काका आम्ही कुठे ओळखतो? त्या मशीनसाठी सरांनी गावोगावच्या जिनवाल्यांचे उंबरे झिजवले. शेवटी सगळ्यांनी मिळून ती घेतली. काकांनाही ठेवून घेतलं, न जाणो मशीन बिघडली तर! काका रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि तिच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघत.

थंडीभर सगळं छान चाललं. अमरावतीलाही अशीच प्रयोगशाळा होती, तिथे एक तरुण मॅडम होत्या, हुशार आणि हसऱ्या. एकाच गाठीची रुई आमच्याकडे तपासली, त्यांच्याकडे तपासली, तरी आकडा एकच. सर खूश. आणि होळी झाल्यावर काय बिनसलं कोणास ठाऊक, आमचा ताकदीचा आकडा चढाच यायला लागला. लांबी ठीक, रंग ठीक. फक्त ताकद अमरावतीपेक्षा जास्त. दरवेळी.

मशीन तर शुद्धीत होती. ते तपासायची रीत अशी, की प्रमाण म्हणून ठरवलेली खास रुई डब्यातून येते. तिची ताकद डब्यावर छापलेली असते. रोज सकाळी आधी ती मशीनला द्यायची. मशीन डब्यावरचाच आकडा बोलली, म्हणजे ठीक. ती रोज तोच बोलायची. अमरावतीचीही बोलायची. दोन्ही खोल्यांत पासष्ट. दोन्हीकडे तेच पुस्तक. मग?

काका म्हणाले, "ऊन लागलं हो तिले. खिशात कांदा ठेवा तिच्या."

"काका, ती आत गारव्यात राहते. ऊन तुम्हाला लागलंय," सर म्हणाले. एरवी ते असं तोडून बोलत नसत.

अशातच एक दिवस मूर्तिजापूरचे भाऊसाहेब आले. मोठे जिनवाले, आणि मशीन घेणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. आवाज असा, की बाहेर बोलले तर आत रुई जागी व्हावी. आमचा आकडा दाखवून त्यांनी दक्षिणेतल्या एका गिरणीला गाठी विकल्या होत्या. गिरणीने त्याच गाठी अमरावतीला तपासून घेतल्या, आकडा खाली आला, आणि ट्रक गिरणीच्या फाटकाबाहेर उभे.

"सर, गाठ एकच," भाऊसाहेब गरजले, "अकोल्यात आली का पैलवान, आन् अमरावतीले गेली का बिमार! माह्यं मूर्तिजापूर बरोबर मधात हाय. मी आयकू कोनाचं?"

"मलाही तेच कळत नाही, भाऊसाहेब."

"तुमाले कळत नाई तं मंग मशीन काहून घ्यायला लावली? आमचा काका काय वाईट होता? हे पाहा, आमचं मंडळ बसलं होतं. या महिन्यात दोन्हीकडचे आकडे जुळले तं ठीक. नाई तं मशीन इकून टाकू."

म्हणजे आम्ही साऱ्या जणी घरी. आम्ही पुन्हा जिनिंगमध्ये गेलो असतो, काड्या वेचल्या असत्या. पण सरांकडे बघवेना. इतकी वर्षं ज्याच्या मागे लागले ते काम एका उन्हाळ्यात मोडीत निघत होतं, आणि का, हेसुद्धा ठाऊक नाही.

मग सरांनी आणि अमरावतीच्या मॅडमनी ठरवलं, की भाऊसाहेबांच्याच गाठींतली रुई घेऊन प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचे. एक भाग मॅडमनी तिकडे तपासला. दुसरा घेऊन त्या, तिकडे गेलेल्या सरांबरोबरच, आगगाडीने आल्या. त्यांचा आकडा त्यांनी मुठीत ठेवला होता, आमचा आल्याशिवाय सांगणार नव्हत्या. भाऊसाहेबही येऊन बसले.

आणि नेमकी वीज गेली! कुठेतरी तार तुटली होती. आतल्या खोलीपुरतं जनरेटर होतं, तिथला पासष्ट हलला नाही. पण बाहेरच्या खोलीतला मोठा कूलर बंद. बाप्पा, काय तो उकाडा! सगळी मंडळी पुडक्यांसकट व्हरांड्यात जाऊन बसली. भाऊसाहेब दुपट्ट्याने वारा घेत म्हणाले, "सर, तुमच्या घरी पाहुन्याले भाजून खातात काय?" बऱ्याच वेळाने सरांनी त्यातली अर्धी पुडकी आत नेली, मी ती ताटल्यांत पसरली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत रुईला आराम दिला.

दुसऱ्या दिवशी आकडे निघाले. मॅडमनी मूठ उघडली. जुळले! सगळे जुळले!

आम्ही बाया तर एकमेकींच्या गळ्यातच पडलो. भाऊसाहेबांनी माणूस पाठवून गरम आलूबोंडे आणि जिलेबी मागवली. काकांनीसुद्धा जिलेबी घेतली, जरा लहान बघून. एकटे सर खिडकीशी उभे. हातातली जिलेबी हातातच.

"जुळलं का?" ते म्हणाले.

"जुळलं ना बापा! सांगून तं राहिलो," भाऊसाहेब म्हणाले.

"तसं नाही. का जुळलं? काल परवापर्यंत जुळत नव्हतं. मी काहीच बदललं नाही, मग आज का जुळलं?"

"अहो, लगन जुळल्यावर कोनी इचारते काय, काहून जुळलं म्हून? घास घ्या तो तोंडात!"

"अर्धे नमुने शिल्लक आहेत. ते आज बसवतो, उद्या पुन्हा तपासू."

सगळ्यांचं खाणं थांबलं. मी न राहवून म्हटलं, "सर, राहू द्या ना. झालं ते छान झालं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ओल्या केसांनी आत शिरले होते.

"आन् उद्या नाई जुळले तं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तर नाही जुळले."

भाऊसाहेब मॅडमकडे वळले. "मॅडम, तुमी यायच्यासंगं गाडीत कशा बसल्या वो?"

मॅडम म्हणाल्या, "मी दुसऱ्या डब्यात बसले होते." हशा झाला, पण तो तेवढ्यापुरता.

वीज आली होती, कूलर भरभरून वारा टाकत होता. नमुने बसवले, मग आत नेले, आराम दिला. तिसऱ्या दिवशी तपासले. आणि नाही जुळले. आमचा आकडा पुन्हा वर. भाऊसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. रागावले असते तर बरं होतं. ते शांतपणे म्हणाले, "झालं. संध्याकाळी मंडळाले बलावतो. मशीन इकू." आणि फोन लावायला बाहेर गेले. जिंकलेला डाव या माणसाने आपल्या हाताने उधळला, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, रागच आला होता.

दुपार झाली. जेवण कोणाला सुचत नव्हतं, पण मॅडम परगावच्या, त्यांना उपाशी कसं ठेवणार? मी डबा उघडला. घरून भाजून आणलेले उडदाचे पापड सकाळपासून बाहेरच्या टेबलावर कागदात पडले होते, ते वाढले. मॅडमनी एक तोंडात घातला आणि हसल्या. "ताई, पापड सादळलाय हो. रबर झालाय."

"अगं बाई, कूलरसमोर राहिला ना!" मी म्हटलं. "द्या इकडे, बाहेर उन्हात ठेवते जरा."

"काही उपयोग नाही. सादळलेला पापड मेला पुन्हा पहिल्यासारखा होत नाही."

सर जेवता जेवता थांबले. त्यांनी तो पापड मॅडमच्या ताटातून उचलला. बाईमाणसाच्या ताटातून, उष्टा! वाकवला, तो वाकला. मोडेना. मग ते टेबलाकडे बघत राहिले, टेबलावरून कूलरकडे. आणि मला म्हणाले, "बाई, जिनिंगमधून पाहुणे आले, की आपण त्यांना कुठे बसवतो?"

मी म्हटलं, "हे काय सर, तुम्हीच तर सांगितलंय. कूलरसमोर."

आमच्याकडे होळीनंतर कोणीही दारात आला, की आधी पाणी, मग कूलरसमोरची जागा, आणि त्याचा घाम निवल्यावर "काय काम काढलं?" हे विचारायचं. वैरी आला तरी हेच. सरांनी रुईलाही तेच लावलं होतं. एवढ्या भट्टीतून आलेल्या पाहुण्याला एकदम आतल्या खोलीत नेऊ नये, म्हणून पुडकी उघडून आधी थोडा वेळ कूलरच्या वाऱ्यात. आणि कूलरचा वारा म्हणजे पाण्याचा वारा. तिथे रुई पोटभर पाणी प्यायची, मग आत जाऊन पासष्टच्या हवेत झोपायची. पण प्यालेलं सगळं पाणी ती परत देत नसे. पापडासारखंच. बाहेरून कोरडी आलेली रुई आणि सादळून आलेली रुई एकाच खोलीत कितीही वेळ ठेवली, तरी दुसरीच्या अंगात थोडं पाणी जास्त राहतं, आणि तेवढी ती बळकट भासते. थंडीत कूलर नव्हता, म्हणून आकडे जुळत होते. वीज गेली त्या दिवशीही नव्हता. आणि ती डब्यातली प्रमाण रुई? ती कायम आतच राहायची. तिला बिचारीला कूलरची हवा ठाऊकच नव्हती.

"पुस्तकात लिहिलंय," सर पुटपुटले. "नमुना कोरड्या बाजूने आत यावा. पाठ आहे मला. मला वाटलं, वऱ्हाडात हे काय सांगायचं, इथे सगळं कोरडंच येतं." मग मॅडमना विचारलं, "तुमच्याकडे पुडकी कुठे असतात?"

मॅडम ओशाळल्या. "शिपायाच्या स्टुलाजवळ, सर. उन्हात पडून असतात. कोणी बघतही नाही त्यांच्याकडे."

"वा," सर म्हणाले. "तुम्ही विचारपूस केली नाहीत म्हणून तुमचं बरोबर आलं."

संध्याकाळी मंडळ जमलं. बाहेरचीच खोली. सर उभे राहिले आणि सगळ्यात आधी त्यांनी जाऊन कूलर बंद केला. "ओ, ओ, काय करून राहिले?" असा गलका झाला. सरांनी पापडापासून सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, "होळीपासून इथून गेलेला ताकदीचा प्रत्येक आकडा चढा आहे. मशीन चुकली नाही. मी तिच्यासमोर पाणी पाजून रुई उभी केली."

भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे अमरावतीचा आकडा खरा."

"हो."

"म्हणजे माह्या गाठीत ताकद खरंच कमी हाय."

"थोडी. हो."

"आन् हे तुमी मले तोंडावर सांगून राहिले."

"पाठीमागे सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं."

मागून एक जिनवाले उठले. "आज कूलर निघाला, उद्या पंखा निघंल. यायच्यावर भरोसा काहून ठेवावा आमी?"

आणि तेव्हा पारखी काका बोलले. ते सभेत कधी बोलत नसत. "अरे बापू, माह्या हातानं कितीकदा चुकलो असंन मी. पन कुठं चुकलो, काहून चुकलो, हे मले कधी सांगता आलं काय? तुमी इचारलंबी नाई, आन् इचारलं असतं तं माह्याजवळ जवाब नव्हता. या मानसाजवळ हाय. चूक जिथं सापडते, तिथंच ती दुरुस्त होते ना राजेहो."

एवढं बोलून काका खाली बसले आणि पानाचा डबा काढला. मला तो म्हातारा त्या दिवशी फार मोठा वाटला. मशीन राहिली म्हणजे त्यांचं पारखीपण गेलंच होतं.

भाऊसाहेबांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "रुई कमी-जास्त निघते, ते माह्या बापानं पाह्यलं, मीबी पाह्यलं. त्याचं मले दुख नाई. माह्ये ट्रक तिकडं उभे हायेत ते दोन आकड्यांपायी. खालचा द्या, चालते. पन एकच द्या. अकोल्यात पुसलं का अमरावतीत पुसलं, तोच निघाला पायजे."

"तो देतो," सर म्हणाले. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मशीन राहिली. गिरणीला दोन्हीकडचे नवे आकडे एकत्र पाठवले, खालचे पण सारखे, आणि गिरणीने गाठी उतरवून घेतल्या. सरांनी आणि मॅडमनी पुडकं दारात आल्यापासून मशीनपर्यंत काय काय करायचं, ते सगळं एकसारखं ठरवून दोन्ही गावांच्या भिंतींवर रंगवून घेतलं. पहिलीच ओळ होती, नमुना आधी बाहेर, कोरड्या सावलीत.

त्यानंतरची एक दुपार. मी आत होते, कूलर मोकळा पडला होता, आणि सर कुठे दिसेनात. बघते तर व्हरांड्यात पायरीवर बसलेले, डोक्याला दुपट्टा, शेजारी पुडकी उघडी करून मांडलेली. झळा अशा, की समोरचा रस्ता थरथरत होता.

"सर, आत या ना. पुडकी कुठे पळून चाललीत?"

"पाहुण्यांना इथे बसवून आपण आत जाऊन गार वारा खायचा? बरं दिसतं का ते, बाई?"

आता या माणसाला काय म्हणावं! तेवढ्यात भाऊसाहेबांची जीप आली. ते हातात पुडकी घेऊन उतरले, सरांकडे बघितलं, रुईकडे बघितलं.

"किती वेळ बसवता यायले?"

"ऊन उतरेपर्यंत."

भाऊसाहेबांनी आपली पुडकी रांगेत ठेवली, उघडली, आणि चपला काढल्या. "सरका जरासे. माह्ये पाहुने हायेत, मी कसा आत जाऊ?" एवढा मोठा माणूस, कण्हत कण्हत पायरीवर टेकला. मग मान वळवून मला ओरडून म्हणाला, "बाई, पानी आना वो! दोघायलेच आना. यायले थेंबबी दाखवू नका."